तीन खुंट आणि एक खुर्ची

ताज्या छपाईच्या शाईचा वास आला की मला गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे काका आठवतात. तेव्हा आम्ही काही रहिवाशांनी सह्यांसाठी एक पत्रक छापून घेतलं होतं. त्यात मागणी एकच होती: गेटवरच्या गार्डला बसायला खुर्ची द्या. एवढंही मागावं लागतं, याचीच मला चीड होती. सही घ्यायला काकांकडे गेले, तर सरकारी नोकरीत आयुष्यभर भाषांतरं केलेला हा माणूस पत्रकातल्या ‘काम’ या शब्दावरच अडकला. “अगं, कामाला फ्रेंचमध्ये त्रावाय, स्पॅनिशमध्ये त्राबाखो, दोन्ही शब्द लॅटिनमधल्या तीन खुंटांच्या छळयंत्रावरून आले. त्रावाय पुल्लिंगी, अनेकवचन त्रावो. जर्मन आर्बाइट मात्र स्त्रीलिंगी, जुना अर्थ हालअपेष्टा. रशियन राबोता आला ‘राब’वरून, म्हणजे गुलाम. आपल्या राबण्याशी जोडू नकोस हं, संबंध नाही.” मी वैतागले. “काका, खाली माणूस सकाळपासून उभा आहे आणि तुम्ही लिंग-वचन काय सांगताय? सही करा ना यार.” काका उठले, बाल्कनीतली वेताची खुर्ची उचलून लिफ्टने खाली गेले आणि गार्डला म्हणाले, “बैठो भैया.” “नहीं साहब, सुपरवायझर पगार काट लेगा.” “अच्छा,” म्हणत काका दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच्या शेजारी उभे राहिले. मध्ये रिकामी खुर्ची. येणारे-जाणारे म्हणत, “अंकल, बैठ जाइए,” आणि काका म्हणत, “पहले इनको बोलिए.” संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि नाइलाजाने गार्डला म्हणाले, “बैठ जाओ.” ती खुर्ची आजही गेटवर आहे. पत्रकावर काकांची सही मात्र राहिली ती राहिलीच.