जबड्याखालचं बाळसं

मामांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मालकांचा साडेनऊला, तोही चहा वेळेवर आला तर. मेंढ्यांच्या गोठ्यात एकवीस वर्षं राबलेले मामा सगळ्यांचेच मामा होते, मालकांचेसुद्धा. उजाडताच ते एकेका मेंढीची खालची पापणी ओढून बघायचे. आतून लाल असली तर पुढे, पांढुरकी असली तर बाजूला.

त्या वर्षी पांढुरक्या फार निघाल्या. खात होत्या, पण अंगी लागत नव्हतं. मालकांनी खुराक दुप्पट केला. मामांनी सांगून पाहिलं, की मेंढीला चार पोटं, त्यातल्या चौथ्यात जंत बसलेत; ते रक्त पितात, पोटातलं आम्लही कमी होतं, मग पचणार काय? हे कुठल्या कॉलेजात शिकलात, असं मालकांनी विचारलं. मेलेल्या मेंढीचं पोट फाडून, असं मामा म्हणाले.

मग काही मेंढ्यांच्या जबड्याखाली सूज आली. मालक खूश.

"बघा मामा, बाळसं धरलं."

"पाणी आहे ते, मालक. बोट दाबा, खड्डा पडतो."

मालकांनी बोट दाबलं नाही. बोटात अंगठी होती.

त्याच आठवड्यात बाळसं धरलेल्या तीन मेल्या. मालकांनी जाहीर केलं, की महिनाभरात फरक पडला नाही तर कळप खाटकाकडे आणि मामा घरी. जंताचं औषध शेवटी त्यांनी आणलं, पण पाजलं स्वतःच, सगळ्यांना सारखंच, नजरेच्या अंदाजानं. थोराड मेंढ्यांतल्या जंतांना ते चाखण्यापुरतं मिळालं. मामांनी वजनकाटा मागितला. काट्याला पैसे नव्हते. ऑफिसात नुकताच एसी बसला होता.

पगार झाला त्या दिवशी मामा काटा घेऊनच घरी आले. बायकोनं काट्याकडे पाहिलं, मग आपल्या दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्याकडे.

"मेंढ्यांचं वजन करा. मी आहेच आंधळी."

दुसऱ्या दिवशी मामांनी दीडशे मेंढ्या उचलून काट्यावर चढवल्या. प्रत्येकीला वजनाप्रमाणे औषध, जिभेच्या मुळाशी सोडून, गिळेपर्यंत तोंड धरून. कंबर चार दिवस सरळ झाली नाही. तीन आठवड्यांनी पापण्या लालसर निघाल्या आणि कळप राहिला. पाहुण्यांना मालक सांगत, सगळी खुराकाची कमाल.

एकवीस वर्षांत मामांच्या पगारातून घेतलेली मोठी वस्तू एवढीच. मेंढ्या नसतात तेव्हा मालक त्या काट्यावर उभे राहून आपलं वजन बघतात आणि तो जास्त दाखवतो म्हणतात.