आईची अर्धी राहिलेली प्रार्थना

मंडळी, आज मी चुकलो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आज केडगावच्या दवाखान्यात पट्टी काढली. देवळालीला परत निघण्याआधी आम्ही मायलेक समोरच्या हॉटेलात जेवायला बसलो.

आमच्या घरात देवाचे उपकार मानल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. आईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि चर्चमध्ये करते तशीच मोठ्याने प्रार्थना सुरू केली, "देवबापा, आज मला ताटातली भाकर दिसती..."

शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं. मी तिचा हात दाबला. "आई, हळू. लोक बघतायत."

ती गप्प झाली. आमेनसुद्धा म्हणाली नाही, मुकाट्याने जेवली.

हात धुताना त्याच टेबलावरचे एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "आजी मधीच का थांबल्या वो? आमी ऐकत हुतो."

लाज तरी कशाची वाटली होती मला?

संध्याकाळी घरी ताटं वाढली. आईने पदर घेतला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. "हितं म्हनू का रं?"

स्वतःच्याच घरात तिने मला विचारलं! मी कसाबसा हो म्हणालो. तिने रोजची प्रार्थना केली, येशूच्या नावाने आमेन म्हटलं. पण भाकरी दिसल्याचं काही बोलली नाही.

ते वाक्य तिने पुन्हा म्हणावं म्हणून मी आता काय करू? सांगा ना कुणीतरी.