चारातलं एक

आमची ताई चव्वेचाळिसाव्या वर्षी दुकान विकून ग्राफिक डिझाइन शिकायला निघाली, तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, तुझं डोकं फिरलंय. माझा स्वभाव तापट आहे आणि तो लपवायला मी कधी गेलो नाही. ती बॅग भरत बसली.

दुकान बाबांचं. दोरे, बटणं, लेस, चेन असलं सामान. बाबा गेले तेव्हा ताई बावीस वर्षांची होती. मला नुकतीच नोकरी लागली होती, म्हणून काउंटरवर तिनं बसायचं हे मीच ठरवून टाकलं. बायका कापडाचा तुकडा घेऊन यायच्या. ताई तो दारातल्या उजेडात धरायची, त्याच्याशी जुळणारी चार रिळं पुढे ठेवायची आणि विचारायची, यातलं कोणतं देऊ? तिची रंगाची नजर अशी, की चारही जुळायची. पण अमुकच घ्या, असं ती इतक्या वर्षांत कुणाला म्हणाली नाही.

कॉलेज दुसऱ्या गावात. तिथं तिनं भाड्यानं खोली घेतली. एक खाट, एक टेबल, आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं शिकवायच्या बाईच आल्या. फोनवर हे ऐकून मी पोट धरून हसलो. पुढे पोरं तिला काकू म्हणायला लागली, अदबीनं वागायला लागली, पण डबा खायला सोबत कुणी बोलवेना. ती जिन्यात बसून एकटी जेवायची. सुट्टीच्या दिवशी तोंडातून एक शब्द निघत नाही, असं एकदा म्हणाली. मग ये परत, म्हणालो. दुसरं काय बोलणार? तसं परत यायला दुकान तरी कुठं उरलं होतं!

वर्ष संपत आलं तेव्हा एका वाचनालयासाठी पोस्टर करायचं होतं. ताईनं चार केली, चारही सरांच्या टेबलावर मांडली आणि विचारलं, यातलं कोणतं देऊ?

सर तिच्याहून लहान, पण पक्के. ते म्हणाले, "मी गिऱ्हाईक नाही. तुम्हाला कोणतं आवडलंय?"

ताईला सांगता येईना. सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. एकच आणायचं आणि तेच का, ते सांगायचं. नाहीतर वर्ष फुकट.

गुरुवारी दुपारी तिनं चारही पोस्टरांचे फोटो मला पाठवले आणि फोन केला. आवाज पार खोल गेलेला.

"मला काय आवडतं तेच मला कळत नाहीये रे. कुणी कधी विचारलंच नाही."

मी कामात होतो. पुस्तकांची रंगीत कमान आहे ते दे, म्हणून सांगून टाकलं. वर आणखी विचारलं, की सगळा कागद राखाडी आणि कोपऱ्यात नखाएवढी पिवळी खिडकी, हे काय आहे? रंग संपले होते का? ती हसली नाही. बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मीही परत फोन केला नाही.

शुक्रवारी, पास झाले, एवढाच निरोप आला. पंधरा दिवसांनी तिथं प्रदर्शन होतं. तिनं बोलावलं नव्हतं, मीच गेलो. भिंतीवर माझी कमान शोधत होतो, तर लावलेला राखाडी कागद. आख्ख्या भिंतीवर डोळा तिथंच जात होता, हे कबूल करायला मला जड गेलं. भाऊ म्हणून ओळख सांगितल्यावर सर म्हणाले, "हो का? भावाला दुसरं आवडलंय, पण मला हे आवडतं, असं म्हणाल्या त्या."

मी जाऊन ताईच्या शेजारी उभा राहिलो. चांगलं झालंय, हे शब्द तोंडात तयार होते. कसं वाटलं रे, असं ती आता विचारेल म्हणून मी बराच वेळ थांबलो.

तिनं विचारलं नाही.