घाटी चढल्यावरचं गाऱ्हाणं

सत्यवान जुनी गाडी बघायला निघाला की मिठबावात लोक हसत. "टर्बोवालो इलो," म्हणत. रंग, सीट, टेप यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. बोनेट उघडून थेट टर्बोकडे, इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या चाकाकडे, वळायचा. हसणाऱ्यांचं काय जातं? त्याची आधीची गाडी, तीही जुनीच घेतलेली, टर्बो फुटून भर घाटीत बसली, तेव्हा मागे त्याची बायको यशोदा होती. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कुडाळला न्यावं लागे. त्या दिवशी अंगात पाणी साठून तिचा श्वास कोंडला. चिऱ्यांचा एक ट्रक देवासारखा धावून आला, म्हणून ती वाचली. तेव्हापासून भाड्याच्या गाडीवर चाललं होतं, आणि भाडेवाला ऐनवेळी फोन उचलेलच याचा नेम नसे.

गंगारामकाकांनी आपली डिझेल गाडी विकायला काढली, तेव्हा सत्यवानाला वाटलं, सुटलो एकदाचा. काकांइतका सरळ माणूस गावात शोधून सापडला नसता. ऑइल वेळच्या वेळी, गाडी पुसून लख्ख. यशोदा तर मागे बसताच म्हणाली, "हीच घेवया. पाय पसरूक गावतत."

काकांनी स्वतःच गाडी घाटीला लावली. सत्यवान कान टवकारून बसला. शिट्टी नाही, धूर नाही; गाडी एका दमात वर चढली. चढ संपताच काकांनी ब्रेक मारला, खटकन चावी फिरवली आणि रस्त्याकडेच्या घुमटीतल्या राखणदार देवाला हात जोडले. गावची रीतच आहे ती. घाटी चढून आलेला प्रत्येक जण तिथे थांबतो.

सत्यवान चावीकडे बघतच राहिला.

"काका, रोज अशीच बंद करतास?"

"मगे? देवासमोर इंजिन घरघरत ठेवू?"

चढावर टर्बो तापून लाल होतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, पण टर्बोचं चाक गरगरतच राहतं आणि आत उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. पहिल्या गाडीचा टर्बो उघडून मेकॅनिकने त्याला हेच दाखवलं होतं.

काकांच्या अंगणात गाडी निवल्यावर त्याने हवेचा पाइप काढला. आत तेल ओघळलेलं. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला, तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. सांगावं तर काका दुखावणार, न सांगावं तर यशोदा पुन्हा घाटीत.

"काका, टर्बो गेल्यात जमा आसा. वर तापलेली गाडी बंद करतास, तेका लागून."

काकांचा चेहरा तांबडालाल झाला. "राखणदारान माझी गाडी खाल्ल्यान म्हणतस? नको घेव! तुका गाडी नको, निमित्त व्हया!"

सत्यवानाच्या ओठांवर शिवी आली होती, पण त्याआधी यशोदा बोलली. "काका, त्या दिवशी घाटीत माका श्वास गावत नाय होतो. मी राखणदाराकच हाक मारत होतंय. तेका माझी हाक ऐकाक इली, तर इंजिनाचो आवाज काय जड जातलो?"

काका गाडीकडे वळले. त्यांनी पाइपात बोट घातलं, तेल बघितलं, बोट शर्टाला पुसलं. "गाडी ऱ्हवांदे हयसर," ते म्हणाले. "नवो टर्बो घालून मगेच देतंय."

नवा टर्बो बसला, सत्यवानाने गाडी घेतली आणि कुडाळच्या पहिल्या फेरीला काका आपणहून चालवायला आले. घाटी चढली. ब्रेक लागला. काकांचा हात सवयीने चावीकडे गेला.

हात मागे आला. इंजिन चालूच ठेवून काका उतरले, वहाणा काढल्या आणि घुमटीसमोर उभे राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा, ही यशोदा आज कुडाळाक जाता आसा. तिची वाट मोकळी ठेव, तिच्या अंगात बळ दी, आणि जशी नेतस तशी घराक परत हाड रे म्हाराजा!"

इतकी वर्षं काका इथे नुसते हात जोडून निघत. आज त्यांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, देवाला साकडंच, तेही दुसऱ्याच्या बायकोसाठी. त्यावर ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. सत्यवानाने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी मागच्या सीटवरून यशोदाच ते म्हणाली.