नऊ नंबरचा ताप

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात तिला सगळे चौकशीताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याचा नेम अचूक होता. मुकादमाच्या बुटाला नवी नाडी दिसली तरी जुनीचं काय झालं हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. तिचं काम जुळणीचं. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे वीस-पंचवीस फर्मे क्रमाने उचलून एकावर एक ठेवायचे, की पुस्तक शिलाईला तयार. बावीस वर्षं ती हेच करत होती आणि तिचा फर्मा कधी चुकत नाही अशी ख्याती होती. लोक विसरू नयेत म्हणून ती स्वतःही अधूनमधून आठवण करून देई.

एवढ्या चौकस बाईने एका गोष्टीची चौकशी मात्र केली नव्हती. मागच्या थंडीत तिच्या नवऱ्याला फ्लू झाला. तो घरी बसून घड्याळं दुरुस्त करतो, जन्माचा दमेकरी. रविवारी ताप चढला, छातीत उतरला आणि बिचारा आठ दिवस ऑक्सिजनवर पडला. आदल्याच संध्याकाळी तिची धाकटी बहीण नाक पुसत पुसत त्याच्याशी पत्ते खेळून गेली होती. चौकशीताईने लगेच निकाल लावला. इस्पितळाच्या जिन्यात ती धाकटीला म्हणाली, "हे तू आणलंस. आमच्या घरी पुन्हा येऊ नकोस." धाकटी एक शब्द बोलली नाही आणि पुन्हा आलीही नाही. दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि मध्ये वर्षभराचा अबोला. तो तिला खुपायचा, पण आपण बरोबर आहोत हे एकदा ठरलं की माणूस खुपलेलंही सहन करतो.

यंदा थंडीच्या तोंडावर एका प्रकाशकाने शब्दकोशाच्या साठेक प्रती परत पाठवल्या. कुठे सातवा फर्मा दोनदा लागलेला, कुठे अकरावा उलटा.

"मागच्या थंडीतलं काम आहे," मुकादम म्हणाला. "ताई, तुम्हीच उसवून नीट करा."

दुसऱ्यांच्या चुका निस्तरायला मिळाल्या म्हणून ती खूश झाली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात जुळणाऱ्याचा नंबर आणि तारीख पेन्सिलीने टाकायची तिथली पद्धत होती. उसवायचं सोडून तिने आधी प्रती तारखेप्रमाणे लावल्या. वरच्या गठ्ठ्यात शनिवारच्या, नंबर अकरा. त्याखाली शुक्रवारच्या, नंबर चार. अकरा म्हणजे चष्मेवाले काका, चार म्हणजे शेजारच्या मावशी. दोघंही त्यानंतरचा आठवडा तापाने अंथरुणात होते, हे तिला पक्कं आठवत होतं.

"मावशी, इकडे बघा," ती म्हणाली. "तुमचा ताप या पुस्तकांत दिसतोय. अंग तापलं की आधी हात चुकतो."

"दिसेल नाहीतर काय. त्या दिवशी डोकं नुसतं भणभणत होतं. तुमच्याच शेजारी बसते ना मी."

"म्हणजे काय?"

"त्या आठवड्यात तुम्ही किती खोकत होतात, विसरलात?"

ती खरंच विसरली होती. तळाला बुधवारच्या अकरा प्रती होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात नऊचा आकडा, लांब शेपूट ओढलेला. नऊ नंबर तिचा. दुसऱ्या कोणी चुकून लिहिला असेल म्हणून तिने सगळ्या प्रती तपासल्या, पण अशी शेपूट कारखान्यात दुसरं कोणी काढत नसे.

मग एकेक आठवायला लागलं. नवरा आजारी पडला त्याच आठवड्यात मंगळवारी अंग मोडून आलं होतं. काम तातडीचं, म्हणून ती चहाबरोबर गोळी घेऊन कामावर आली, ताप उतरला आणि आपण बऱ्या झालो असं तिने धरलं. दुखणं अंगावर काढलं म्हणून मुकादमाने सगळ्यांसमोर शाबासकीही दिली होती. बुधवारी संध्याकाळी घरी जाताना ती धाकटीकडे टेकली आणि धाकटीने अर्धा तास तिचं डोकं दाबलं. शनिवारी धाकटी शिंकत होती. वर्षभर जिच्या डोक्यावर खापर फोडलं, तिला ताप देणारी ती स्वतःच. चौकशीताईला तोंडात मारल्यासारखं झालं.

तरी तिने डॉक्टरांना गाठलंच.

"कोणाकडून कोणाला गेला हे खात्रीने सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणता तसं असणं अगदी शक्य आहे. गोळी ताप दाबते, आजार संपवत नाही. गोळीशिवाय अख्खा दिवस ताप आला नाही, की मग माणसांत जायचं. तुमच्या यजमानांना यंदाची फ्लूची लस दिलीय. तुमचं काय?"

"पुढच्या सुट्टीला घेते," ती म्हणाली. इतकं होऊनही.

धाकटीला फोन करायला रोज हात जाई आणि परत येई. असे दहा दिवस गेले. अकराव्या सकाळी ती उठली तीच ठणकत्या अंगाने. थर्मामीटरने एकशे दोन दाखवला. तिने बाहेरच्या खोलीकडचं दार आतून लोटलं, खिडकी उघडली आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, आत येऊ नका." मग मुकादमाला फोन केला.

"गोळी घेऊन दोन तास तरी या, ताई."

"आले तर पुढच्या वर्षी आणखी साठ पुस्तकं परत येतील. चालेल?"

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, झोपा, पाणी पीत राहा, धाप लागली तर लगेच या. आणि नवऱ्याला जमेल तितकं लांब ठेवा. दोन खोल्यांच्या घरात लांब म्हणजे कुठे? तिला एकच घर माहीत होतं.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

"कळलं," धाकटी म्हणाली.

"मला ताप आलाय. यांना तुझ्याकडे ठेवशील? आणि ऐक. मागच्या वर्षी ते तुझ्यामुळे नव्हतं. तुलाही मीच दिला."

"माहीत आहे मला. डोकं दाबताना हात भाजत होता माझा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"भाऊजी आत ऑक्सिजनवर होते, ताई. तुझ्यामुळे झालं असं मी जिन्यात सांगितलं असतं, तर तू उभी राहिली असतीस का?"

चौकशीताईला रडू फुटलं. आधीच चोंदलेलं नाक आणखी चोंदलं.

"मी लस घेतलीय," धाकटी म्हणाली. "त्यांना मास्क लावून पाठव आणि तू झोप."

ती झोपली. दिवसा झोपायची सवय नसल्याने पहिल्या दिवशी छताच्या पंख्याची पाती किती वेळा मोजली याला गणती नाही. चौथ्या दिवशी ताप गेला, तरी तिने गोळीशिवायचा अख्खा दिवस काढला आणि वर आणखी एक. नवऱ्याला काही झालं नाही. सातव्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी घेऊन परत आला आणि सरळ आपल्या घड्याळांपाशी गेला. त्याच्या मागे धाकटी होती, हातात पत्त्यांचा जोड. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"तिथे काय उभी राहिलीस?" चौकशीताईने विचारलं.

"येऊ नकोस म्हणाली होतीस," धाकटी म्हणाली. "आता ये म्हण."