गिलासभाऊंचं पाणी

परवा भर दुपारी बेल वाजली. बाहेर मे महिन्याची लू, आत कूलरसमोर बनियनवर पसरलेला मी. बायको ऑफिसात. जाळीच्या दाराबाहेर एक घामाघूम माणूस, मागे एक जोडपं.

"काका, गिलासभर पाणी भेटन का?"

"कोण आपण?"

"प्रशांत."

"प्रशांत काय? पूर्ण नाव?"

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "राहू द्या," म्हणाला, आणि तिघंही जिना उतरले. त्याच्या हातात समोरच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली होती, हे माझ्या डोक्यात मागाहून शिरलं. मग भरला गिलास घेऊन बनियनवरच धावलो. अर्धं पाणी जिन्यानं प्यालं. खाली पोचलो तोवर गेटबाहेर कुणी नव्हतं.

तिथे उभ्याउभ्या गिलासभाऊ आठवले.

आम्हाला हे घर मिळवून देणारे दलाल. नाव आमच्या हिनं ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. बाकीचे दलाल टाइल्स दाखवत. गिलासभाऊ किल्ली खिशात ठेवून आधी शेजारची बेल दाबत आणि पाणी मागत. तेही उन्हाळ्यात, दुपारी. हिवाळ्यात कुणी आलं तर म्हणत, "थंडीत सारीच घरं चांगली दिसतात. मे महिन्यात या." अशानं त्यांचा धंदा कसा चालायचा, देव जाणे.

दुसरा हट्ट, "वहिनीले आणा. तुमाले टाइल्स दिसन, त्याईले घर दिसन." मला राग यायचा. पण पहिल्याच फ्लॅटमध्ये मी धुणं वाळवायच्या बाल्कनीला देवघर म्हणालो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

एक फ्लॅट मला भलताच आवडला. पूर्वेची बाल्कनी, भरपूर वारा. भाऊंनी शेजारी पाणी मागितलं. दार उघडणारे गृहस्थ अगदी सभ्य. "हो हो, देतो ना. आपलं पूर्ण नाव?" भाऊंनी आडनावासकट खणखणीत सांगितलं. पाणी आलं. आम्हा दोघांना स्टीलच्या गिलासात, भाऊंना डिस्पोजेबलमध्ये. मी गटागटा प्यालो, वर "थँक्यू" म्हणालो. खाली येऊन विचारलं, "भाऊ, टोकन देऊन टाकू?"

हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातला हात बाहेर काढला.

"द्याचं तर द्या, साहेब. पण हे घर मी तुमाले दाखवून नाही राह्यलो आता."

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

कडुलिंबाखाली स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर हात ठेवून ते बोलले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. वडील गिरणीत. "बाबा खोली पाहाले जाये. मालक पूर्ण नाव विचारे, मंग म्हणे, खोली कालच गेली. मी लहान होतो, बाबाले म्हणो, ही खोली रोज कालच कशी जाते गा?" ते हसले. आम्हाला हसता आलं नाही. "मंग म्हटलं, चाव्याच आपल्या हाती घ्याव्या. भिंतीत कोणी राह्यते का, साहेब? शेजारात राह्यते."

पंधरा दिवसांनी नंदनवन कॉलनीत हा फ्लॅट पाहिला. समोरच्या काकूंनी दार उघडलं ते "अगं बाई, उन्हात काय उभे, आत या" म्हणत. वाळा घातलेलं माठाचं पाणी, तिघांना एकसारखे गिलास. कोण, कुठले, हे सगळं पाणी पिऊन झाल्यावर. भाऊंनी रिकामा गिलास ट्रेमध्ये पालथा ठेवला. "घ्या, वहिनी. घर झालं."

आमचा फ्लॅट अंधारा, स्वयंपाकघर एवढंसं. मी दोन वर्षं कुरकुरलो. काकूंनी तोवर आमची पोरगी वाढवली.

पुढे दर मे महिन्यात भाऊ यायचे. "चाखून पाह्यतो, पाणी बदललं तं नाही," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. पुसायला बोट धजत नाही. काकूही मुलाकडे पुण्याला गेल्या. दुपारची बेल आता वाजत नाही. परवा वाजली, तर मी हे दिवे लावले.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. बनियनवर धावल्याचं जरा रंगवून सांगितलं, निदान हसेल म्हणून. ती हसली नाही. चपलांच्या रॅकवर मी विसरलेला गिलास तिनं उचलला, विसळला, ओट्यावर पालथा ठेवला.

"म्हणजे आज आपलं घर कोणीतरी पाहून गेलं," ती म्हणाली, "आणि पसंत पडलं नाही."