नानांचं नाव

पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना यांच्याइतकं अंदाजांशी वैर धरलेला माणूस अख्ख्या खान्देशात सापडायचा नाही. पाऊस येणार असं बातम्यांत सांगितलं की नाना मुद्दाम छत्री घरी ठेवत आणि चिंब भिजून आले की "हा त्यांचा पाऊस नव्हे, हा वेगळा," म्हणत. एसटीचं वेळापत्रक त्यांना ज्योतिषाइतकंच खोटं वाटे, म्हणून अमळनेरला जायचं तर ते दोन तास आधी स्टँडवर जाऊन बसत. असा माणूस बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, दरवर्षी मेंदूचा एमआरआय काढायला नेई याचं मला नवलच वाटे. अक्का भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या संशोधनात घेतलं होतं. मेंदूचे फोटो मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडायचे आणि पुढे कुणाची स्मृती किती ओसरेल ते आधीच कळतं का हे बघायचं, असं ते काम. यंत्रात धातू चालत नाही, म्हणून अक्कांना मंगळसूत्र उतरवावं लागे. ते खिशात कोंबणं बरं नव्हे, म्हणून नाना स्वतःच्याच गळ्यात घालून बाहेर बाकावर ताठ बसत. लोक हसत. मीही हसलो आहे.

फोटोनंतर प्रश्न असत. पहिल्या वर्षी बाईंनी "यजमानांचं नाव काय?" विचारलं, तर अक्का पदर सावरून गप्प. बाईंनी फुली मारली आणि नाना अहिराणीत उसळले, "अहो बाई, तिले बठ्ठं मालूम शे! ती मनं नाव लेस नही! लगीनमा उखाना लिधा तेवढाच!" फुली खोडायला लावूनच ते उठले. दुसऱ्या वर्षी बाईंनी पडद्यावर दाखवलं, आठवणी सांभाळणारा भाग आक्रसलाय, विसर वाढेल असं दिसतंय. "पावसाचा अंदाज शे हा," नाना म्हणाले. पण घरी येईपर्यंत त्यांनी अक्कांचा हात सोडला नाही. ती आपल्याला विसरेल याची त्यांना भीती वाटत होती.

यंदाही मी सोबत होतो. बाईंनी तोच प्रश्न विचारला आणि अक्कांनी नानांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं शाळेतल्या मुलीसारखं घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी खुशीत बरोबरची खूण केली. नाना मात्र खाली बघत राहिले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हेच अक्का विसरल्या होत्या. फोटोचा अंदाज खरा निघाला होता.

परतताना रिक्षात नाना हळूच मला म्हणाले, "उखाना नही, काही नही. सरळ नाव लिधं रे तिनी." मग अक्कांकडे वळून म्हणाले, "आखो एकदाव ले ना."

मला रडू आवरेना. अक्कांनी नाव घेतलं, आणि नाना भर रिक्षात नव्या नवऱ्यासारखे लाजले.